फुकटचा सेमिनार : जावं की नको?



जालना रोडच्या हॉटेलात ट्रेडिंगचा मोफत सेमिनार आहे, जाऊ का, असं आपली मुलं मला विचारतात. जा की! डिमॅट, मार्जिन, स्टॉप लॉस हे शब्द तरी कळतील. मात्र चहानंतर महागड्या कोर्सचे फॉर्म वाटायला लागले, की उठायचं. फारच आग्रह झाला तर विचारा, सेबीकडं नोंदणी आहे का?

सेबीच्याच २०२४ च्या अभ्यासात फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तीन वर्षांत तोटा झाला. सरासरी दोन लाखांचा. मी गेलो तिथं पडद्यावर हा आकडा नव्हता, गाडीचे फोटो होते!

शिकायला सेबीचं 'सारथी' ॲप फुकट आहे. आणि वाळूजच्या कंपन्यांतून रिटायर झालेल्या काकांनो, ग्रॅच्युइटीचं पासबुक त्या दिवशी घरीच ठेवा.