आराखड्यात माणूस नव्हता
(बेळगाव येथील भाषणातून)



डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या याच बेळगावात जनरल कँडेथ यांची फौज गोळा होत होती, तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचा बचावाचा आराखडा तयार होता. नाव ‘सेंटिनेला’, म्हणजे पहारेकरी. सरहद्दीवर थोडे अडवायचे, पूल उडवीत मागे सरायचे आणि अखेर मुरगाव बंदर लढवायचे. आठ दिवस तरी टिका, मरा पण शरण जाऊ नका, हा लिस्बनहून सालाझारचा हुकूम.

कागदावर सारे ठीक. पण सैनिक जेमतेम साडेतीन हजार, लढाऊ विमान एकही नाही. मुरगावात मोठी युद्धनौका एकच, १९३४ साली पाण्यात उतरलेली ‘अफोन्सो द अल्बुकर्क’. १८ डिसेंबरला तीही निकामी झाली. बाणस्तारीचा पूल त्यांनी उडवला. तरी गावकऱ्यांच्या मदतीने आपले जवान सुरुंग चुकवीत, नद्या ओलांडीत पुढे गेले. १९ तारखेच्या रात्री गव्हर्नर व्हासालो ई सिल्वा शरण आला. व्यर्थ रक्तपात त्याने टाळला. सालाझारने त्याला १९६३ साली सैन्यातून बडतर्फ केले.

बांधवांनो, त्या आराखड्यात पूल मोजले होते, तोफा मोजल्या होत्या. नांगर धरणारा आणि वल्हे मारणारा माणूस मोजलाच नव्हता. ज्याची जमीन, ज्याचे पाणी, तोच पाठीशी नसेल तर कोणता किल्ला टिकणार?