कागद आठ दिवस घरात राहू द्या

आज आपण कार्बन क्रेडिटबद्दल बोलणार आहोत. नाव नवं वाटेल, पण त्याचे कागद आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेत.

गेल्या वर्षी आमच्या गावात एक प्रतिनिधी आले. कमी धुराची चूल फुकट देतो म्हणाले. आम्ही बैठक बोलावली, आधारच्या झेरॉक्स गोळा केल्या आणि एका दुपारात सव्वीस जणींच्या सह्या-अंगठे घेतले. चुली आल्या. चांगल्या आहेत, जळण कमी लागतं. महिन्याभरानं एका मावशींनी विचारलं, "ताई, त्या कागदावर काय लिवलं हुतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. कागद इंग्रजीत होता आणि प्रत कुणाकडेच नव्हती. आम्ही शिकलेल्या, तरी आम्हीही तो वाचला नव्हता.

पाठपुरावा करून प्रत मागवली. त्यात लिहिलं होतं, की या चुलीमुळे जो कार्बन वाचेल त्यावरचा हक्क दहा वर्षं कंपनीचा. म्हणजे चूल फुकट नव्हतीच, तो सौदा होता. सौदा वाईटच होता असं नाही. पण आपण काहीतरी विकतोय हेच आम्हाला माहीत नव्हतं. ही चूक आमची, आणि ती तुमची होऊ नये म्हणून आज बोलतोय.

हवेत जाणारा एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवला, की एक क्रेडिट. ज्याला आपलं प्रदूषण भरून काढायचंय तो ते विकत घेतो. एका चुलीतून फार काही होत नाही, म्हणून कंपनी हजारो चुलींची मोट बांधते. तसंच झाडांचं, बांबूचं, शेतीचं.

आपल्या जिल्ह्यांना हे नवीन नाही. पाटणच्या वर वनकुसवड्याच्या पठारावर किंवा कवठेमहांकाळकडे ढालगावला पवनचक्क्या फिरताना आपण पाहतो. सातारा-सांगलीतल्या पवनचक्क्यांचे काही प्रकल्प क्योटो करारातल्या योजनेत नोंदले गेले आणि त्यांची क्रेडिट परदेशी बाजारासाठी होती. २००८ साली त्या बाजारात एका क्रेडिटला २० युरोच्या आसपास भाव होता. २०१२ संपता संपता तो एका युरोच्याही खाली गेला. मंदी आली, क्रेडिट उदंड झाली आणि युरोपनं नियम आवळले. कांद्यासारखाच हा भाव. कुणी आज मोठा आकडा सांगितला तर तो कायमचा धरू नका.

आता आपल्या देशाचे नियम आलेत. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा बदलला आणि २८ जून २०२३ ला कार्बन क्रेडिट व्यापार योजना जाहीर झाली. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग कारखान्यांचा. सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद अशा उद्योगांना प्रदूषणाची मर्यादा ठरवून दिली. ती ज्यांना पाळता येत नाही त्यांनी क्रेडिट विकत घ्यायची. दुसरा भाग आपणहून येणाऱ्यांचा. त्यात प्रकल्पाची नोंदणी हवी, मान्यताप्राप्त बाहेरच्या संस्थेकडून तपासणी हवी आणि एक बचत दोनदा विकता येत नाही. म्हणून एकाच चुलीसाठी दोन कंपन्यांना सही देऊ नका. पण त्यातून आपल्या हाती किती रुपये येणार, ते आपल्या करारातच ठरतं.

तपासणी महत्त्वाची का? २०२४ मध्ये अमेरिकेत सरकारी वकिलांनी अशाच चुलींच्या प्रकल्पांत आकडे फुगवल्याचा आरोप ठेवून गुन्हा दाखल केला. म्हणून कुणी विचारायला आलं तर खरं सांगा. चूल माळ्यावर टाकली असेल तर माळ्यावर आहे म्हणा.

सही करण्याआधी हे विचारा. क्रेडिट कुणाच्या नावावर? करार किती वर्षांचा? पैसे किती, कधी आणि कुणाच्या खात्यात? चूल बिघडली, झाड वाळलं किंवा मध्येच तोडलं तर काय? प्रकल्पाची नोंदणी कुठे? तक्रार कुणाकडे? शेतातल्या झाडांचा करार असेल तर आणखी एक प्रश्न. सातबारा घरधन्याच्या नावावर, पाणी घालणार आपण, मग वाटा कुणाचा? हे घरातच आधी बोलून घ्या.

न वाचता केलेली सहीसुद्धा सहीच असते. "वाचलं नव्हतं" म्हणून सहसा सुटका होत नाही. खोटं सांगून सही घेतली असेल, तर मात्र करार रद्द करून मागता येतो. त्यासाठी वकिलाच्या फीची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलाय. तिथं उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं अर्ज करा.

आमच्या ग्रामसंघानं आता ठराव केलाय. कागद मराठीत हवा. तो बैठकीत मोठ्यानं वाचायचा. मग आठ दिवस घरात ठेवायचा. सही पुढच्या बैठकीत, आणि प्रत प्रत्येकीच्या हातात. घाई करणाऱ्याला आम्ही चहा देतो आणि पुढच्या आठवड्यात या म्हणतो.

त्या मावशींनी परवा विचारलं, "मग आता माझ्या चुलीचं किती झालं?" कंपनीला आम्ही तेच लेखी विचारलंय. उत्तर आलं की इथंच सांगू.