उतारशाळेतले दिवस

(सोलापूर येथे मंडळीच्या सभेत एका निवृत्त परिचारिकेने केलेले भाषण. ऊसतोडीचा हंगाम जवळ आल्यामुळे वाचकांसाठी येथे देत आहोत.)



डोक्याला मार लागलेल्या तरुणांविषयी बोलावे, असे मला सांगण्यात आले आहे. मागच्या बाकांवर तरुण संघाची मुले बसली आहेत, म्हणून क्रिकेटपासून सुरुवात करते. आजी क्रिकेटवर काय बोलणार, असे मनात आणू नका. ही गोष्ट आपल्या सोलापूरपर्यंत येऊन पोहोचते.

साल १९६२. भारताचा संघ वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर होता. कर्णधार होता नरी कॉन्ट्रॅक्टर. मोठा जिद्दीचा खेळाडू. त्याआधी १९५९ साली लॉर्ड्सच्या मैदानावर बरगड्या मोडलेल्या असताना त्याने ८१ धावा काढल्या होत्या. १७ मार्चला बार्बाडोस संघाविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्याच्या डोक्यावर बसला. त्या काळी फलंदाज हेल्मेट घालत नसत. नुकतीच त्याला अठ्ठावीस वर्षे पूर्ण झाली होती, जेमतेम दहा दिवसांपूर्वी.

कवटी फुटली होती आणि आत रक्त साचू लागले होते. आपली कवटी बंद पेटीसारखी असते. हाताला मार लागला तर हात सुजतो, सुजेला बाहेर जागा मिळते. कवटीत तशी जागा नाही. आत रक्त साचले की मेंदू दाबला जातो आणि तो दाब वेळेत उतरवला नाही तर माणूस जातो. बार्बाडोसमध्ये तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त हवे होते. ते द्यायला पुढे आला फ्रँक वॉरेल, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध आपण खेळत होतो त्या वेस्ट इंडिजचा कर्णधार. त्याच्याबरोबर आपल्या संघातील खेळाडूंनीही रक्त दिले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर.

ही तीन नावे नीट ऐका. बापू नाडकर्णी नाशिकचे. चंदू बोर्डे पुण्याचे, मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, म्हणजे आपल्यातलेच. आणि पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ सालचा, आपल्या या सोलापूर शहरातला. सातासमुद्रापलीकडे एका तरुणाचा जीव वाचवण्यासाठी जे रक्त दिले गेले, त्यात एक बाटली सोलापूरकराची होती.

कॉन्ट्रॅक्टर सहा दिवस बेशुद्ध होता. जीव वाचला. पण गोष्ट तिथे संपली नाही. वर्तमानपत्रे साधारणपणे तिथे थांबतात, आपण थांबायचे नाही. शुद्ध आली म्हणजे माणूस बरा झाला, असे नसते.

भारतात आल्यावर त्याच्या डोक्यात धातूची पट्टी बसवावी लागली. ते काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. जेकब चँडी यांनी केले. ज्या मिशन रुग्णालयाची सुरुवात डॉ. आयडा स्कडर यांनी १९०० साली एका खाटेच्या दवाखान्याने केली, तेच हे वेल्लोर. डॉ. चँडी परदेशात मेंदूची शस्त्रक्रिया शिकून परत आले आणि १९४९ साली त्यांनी तिथे देशातला मेंदूशस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला. मोठ्या शहरात जाऊन पैसा मिळवणे त्यांना सहज शक्य होते. कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यातली ती पट्टी साठ वर्षे टिकली. २०२२ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, मुंबईत शस्त्रक्रिया करून ती काढण्यात आली.

आणि कॉन्ट्रॅक्टर पुन्हा खेळला. भारताच्या कसोटी संघात त्याला परत जागा मिळाली नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच्या एकतीस कसोटी झाल्या होत्या, बत्तिसावी झाली नाही. पण प्रथम श्रेणीचे सामने तो १९७०-७१ पर्यंत खेळत राहिला. डोक्यात पट्टी असलेल्या माणसाला कोणी तरी पुन्हा संघात घेतले, त्याच्या हातात बॅट दिली, त्याच्यावर भरवसा ठेवला. माझ्या मते हासुद्धा उपचारच होता.

आता बार्बाडोसहून आपल्या जिल्ह्यात या.

दिवाळीच्या सुमारास आपल्याकडे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या येतात, तशा खानदेशातल्या भिल्ल आणि पावरा समाजाच्याही येतात. आपल्या भागातले पारधी बांधवही तोडीला जातात. तुम्ही त्यांच्या खोपींवर कपडे आणि कांबळी घेऊन जाता, मुलांचे वर्ग घेता, म्हणून मी काय सांगते आहे ते तुम्हाला दिसेल. पहाटे अंधारात फडात जायचे. भरलेल्या उसावर बसून, पेंगत कारखान्यापर्यंत यायचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री महामार्गावर उभा असतो आणि त्याला मागे दिवा नसतो. मोटारसायकलवर तिघे बसतात, डोक्यावर काहीच नसते. उसाच्या मोळीसकट फळीवरून पाय घसरतो. यात जखमी होतो तो बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला तरुण.

या मुलाचे पुढे काय होते? नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अर्धीसुद्धा फिटलेली नसते. नवरा रुग्णालयात आणि बायको त्याच्या उशाशी, म्हणजे कोयता बंद. महिन्याने तो घरी येतो. वरून धडधाकट दिसतो, टाके सुकलेले असतात. पण आत्ता सांगितलेले आत्ता विसरतो. लहानशा गोष्टीवर भडकतो. दिवसभर झोपतो. गोंगाट सहन होत नाही. लोक म्हणतात आळशी झाला, कोणी म्हणतो वेडा झाला, कोणी म्हणतो बाहेरची बाधा आहे आणि देवऋषाकडे नेतात. फिटच्या गोळ्या बंद होतात आणि एके दिवशी त्याला झटका येतो. शस्त्रक्रियेने वाचलेले मूल असे घरात हरवते. वॉर्डात नोकरी करताना या गोष्टीचे मला सर्वांत जास्त दुःख व्हायचे.

लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्याला पाठ आहे. आपण बहुतेक वेळा त्याचा पहिला भागच सांगतो. तो थांबला, जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, पट्ट्या बांधल्या. पण पुढे पाहा. त्याने त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी दोन दीनार दिले आणि आणखी खर्च झाला तर परत येईन तेव्हा फेडीन असे सांगितले. म्हणजे तो परत येणार होता. मेंदूला मार लागलेल्या माणसाला रस्त्यावरची मदत हवी असते, तशीच उतारशाळाही हवी असते. तिथले दिवस लांब असतात.

म्हणून मंडळीकडे माझी तीन मागणी आहेत.

पहिली गोष्ट पहिल्या तासाची. अपघात दिसला तर १०८ ला फोन करा. पोलिसांच्या लफड्यात कोण पडेल, असे म्हणू नका. जखमीला मदत करणाऱ्याला आता कायद्याचे संरक्षण आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात तसे कलम आले. तुम्हाला नाव सांगण्याची सक्ती नाही आणि रुग्णालय तुम्हाला अडकवून ठेवू शकत नाही. जखमीला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून नेऊ नका. मान आणि पाठ एका रेषेत ठेवा. उलटी होत असेल तर मान न वळवता दोघातिघांनी मिळून सगळे अंग एका कुशीवर करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका.

हेही लक्षात ठेवा की काही वेळा पडलेला माणूस उठतो, बोलतो, चहा पितो आणि काही तासांनी ढेपाळतो. आत रक्त हळूहळू साचत असते. तेव्हा डोक्यावर पडलेल्याला निदान एक दिवस एकटे सोडू नका. वारंवार उलट्या होणे, गुंगी वाढत जाणे, डोकेदुखी वाढणे, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, फिट येणे, बोलणे बरळल्यासारखे होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी सिव्हिल गाठा. सकाळची वाट पाहू नका.

दुसरी गोष्ट रक्ताची. कोलकात्यात बंगाल क्रिकेट संघटना १९८१ सालापासून दरवर्षी ३ फेब्रुवारीला फ्रँक वॉरेलच्या नावाने रक्तदान घेते. एका माणसाने दिलेल्या एका बाटलीची ही आठवण आहे. आपल्या तरुण संघाने रक्तगटांसह नावांची वही करावी. अठरा वर्षे पूर्ण झालेला, पंचेचाळीस किलोच्या वर वजन असलेला निरोगी माणूस रक्त देऊ शकतो. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. नंदुरबारहून आलेल्या मजुराचे इथे सोलापुरात नातेवाईक नसतात. ती वही त्याचे गणगोत व्हावी.

तिसरी गोष्ट उतारशाळेची आणि तीच सर्वांत अवघड आहे. असा तरुण घरी किंवा खोपीवर आला की दोन-तीन कुटुंबांनी मिळून वर्षभर त्याच्याकडे जाण्याची जबाबदारी घ्यावी. फार शिकलेले असण्याची गरज नाही. त्याच्याशी सावकाश बोला, एका वेळी एकच गोष्ट सांगा. उठणे, गोळ्या, जेवण, फिरणे, झोप यांच्या वेळा ठरवून द्या. लिहिता-वाचता येत नसेल तर भिंतीवर चित्रे लावा: सूर्याच्या चित्राखाली सकाळची गोळी, चंद्राखाली रात्रीची. दारूपासून त्याला दूर ठेवा. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय फिटची गोळी बंद होऊ देऊ नका. तो रागावला तर समजून घ्या की हा दुखापतीचा भाग आहे. आणि त्याच्या बायकोला किंवा आईला आठवड्यातून एक दुपार झोपू द्या. तेवढा वेळ तुमच्यापैकी कोणी तरी त्याच्याजवळ बसा.

कागदपत्रांतही मदत करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भेटा. टोळीतल्या माणसाची शिधापत्रिका गावी पेटीत राहिलेली असते आणि ऐन वेळी धावाधाव होते. हंगामाच्या सुरुवातीलाच खोपीखोपीवर जाऊन सगळ्यांना शिधापत्रिका आणि आधारचा फोटो मोबाइलमध्ये ठेवायला सांगा. उपचारानंतर कायमचे अपंगत्व राहिले असेल तर तपासणी करून दाखला मिळतो. त्यासाठी त्याच्याबरोबर रांगेत उभे राहायला कोणी तरी हवे.

आणि शेवटी त्याला काम द्या. पूर्वीचे काम त्याला जमेलच असे नाही. कॉन्ट्रॅक्टरलाही कसोटी परत मिळाली नाही. पण झाडांना पाणी घालणे, शेळ्या राखणे, चर्चच्या आवारात खुर्च्या मांडणे, जे जमेल ते. काम चुकले तर पुन्हा दाखवा. आपली कोणाला तरी गरज आहे, हे कळले की माणूस उभा राहू लागतो. सगळे पूर्ण बरे होतात, असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. पण एकटे पडलेले आणि माणसांत राहिलेले यांच्यातला फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वेल्लोरच्याच डॉ. मेरी व्हर्गीस यांचे नाव सांगून थांबते. १९५४ साली मोटार अपघातात त्यांच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे अंग गेले. सहकाऱ्यांनी त्यांना सोडले नाही. त्या चाकांच्या खुर्चीत बसून पुन्हा डॉक्टरकी करू लागल्या आणि १९६६ साली वेल्लोरला अपघाताने अपंग झालेल्यांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले, ते त्यांच्या पुढाकाराने. ज्यांना उतारशाळेत जपले गेले, त्यांनीच पुढे इतरांसाठी उतारशाळा बांधली.

आपल्याला इमारत बांधायची नाही. एक वही, एक फोन नंबर आणि आठवड्यातली एक दुपार, एवढेच हवे आहे. टोळ्या येण्याआधी ते तयार असू द्या. सभा संपल्यावर मी दाराशी वही घेऊन बसणार आहे. मागच्या बाकांवरून सुरुवात झाली तर मला फार आनंद होईल.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. सलाम.