राखणदाराची राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला भाषण करायला सांगितले, तेव्हा मला घामच फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. या जागेवरून आपण दरवर्षी आरोग्य, बचत, मुलांचे संगोपन अशा विषयांवर शिकलेल्या बायकांची भाषणे ऐकतो. मी कशावर बोलणार? त्या म्हणाल्या, "तुमचा कुत्रा बेडे उघडे असले तरी बाहेर पाऊल टाकीत नाही, हे सारी पाखाडी बघते. तेच सांगा." तेव्हा आज मी कुत्र्यावर बोलणार आहे. आपण हसाल, पण या विषयाने माझ्या घरी दोनदा रडू आणले आहे.

आपल्या केळशीत घर म्हटले की मागे नारळी-पोफळीची वाडी आली. वाडी आली की माकडे आली, रानडुकरे आली. म्हणून कुत्रा हवाच. पण वाडी राखायला आपण कुत्रा ठेवतो, त्या कुत्र्याला कोण राखतो, हा विचार मीसुद्धा पुष्कळ वर्षे केला नव्हता.

आमचा पहिला कुत्रा वाघ्या. दिवसा तो मोकळा असे. रात्री कोणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून मी स्वतः त्याला खळ्याच्या कडेला साखळीने बांधीत असे. त्यात मला वाटे, आपण शेजारधर्म पाळला. एका थंडीच्या रात्री तो एकदाच ओरडला. आम्ही कंदील-विजेरी घेऊन धावेपर्यंत सगळे शांत. साखळी जागेवर होती, पट्टा तुटलेला होता. बिबट्याने नेला. मोकळा असता तर पळाला असता, पडवीत शिरला असता, दार खरवडले असते. साखळीने मी त्याला राखले नव्हते, बिबट्यापुढे वाढून ठेवले होते. पुढे चार दिवस मला उरलेली भाकरी टाकायला खळ्यात जाववेना.

मग मोत्या आणला. या वेळी आम्ही ठरवले की याला बांधायचे म्हणून नाही. झाले, दुसरे टोक गाठले! मोत्या दिवसभर पडवीत झोपे आणि रात्री वईतून निसटून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जाई. आम्हाला त्याचे काही वाटत नव्हते. कुत्राच तो, फिरणारच.

माघ महिना असेल. सकाळी कासवांची राखण करणारे गावातले दादा आमच्या दारात आले. त्यांच्या हातात पांढरी, मऊ, फाटलेली टरफले होती. म्हणाले, "वहिनी, रात्री वर आलेल्या कासविणीचे घरटे मला वेळेवर सापडले नाही. माझ्या आधी कुत्री पोचली. पावलांचे ठसे तुमच्या वईपर्यंत आले आहेत." मी फणकाऱ्याने म्हटले, "आमचा मोत्या तसले करायचा नाही." ते काही न बोलता निघून गेले. मागे वळून पाहते, तो मोत्याच्या नाकाडावर ओली वाळू, आणि त्याच्या गोणपाटाखाली एक टरफल.

भगिनींनो, ही कासवे ऑलिव्ह रिडले जातीची. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या पायांनी फूट-दीड फूट खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळूने झाकते आणि परत समुद्रात जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. त्यांतले हजारात एखादे मोठे होते असे म्हणतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आपल्या उत्तरेला बाणकोटजवळ वेळासला 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केले. अंडी जपून उचलून कुंपणात ठेवायची आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची, अशी ती रीत. आपल्याही किनाऱ्यावर आपलीच माणसे त्यासाठी रात्री जागतात. आणि माझ्या घरची भाकरी खाणारा कुत्रा एका रात्रीत शंभर अंडी उकरतो! ती आई तर अंडी वाळूच्या भरवशावर ठेवून गेली होती. मी संध्याकाळी त्या दादांच्या घरी जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, "माफी नको वहिनी, कुत्रा सांभाळा."

आता सांभाळायचा कसा? बांधला तर बिबट्या, सोडला तर किनारा. तेव्हा कळले की कुत्र्याला साखळीही नको आणि मोकाटपणाही नको. त्याला हद्द हवी, आणि ती हद्द त्याच्या मनात बसायला हवी.

प्रथम आम्ही वई पाहिली. पावसाळ्यात गडग्याखालची माती वाहून जाते आणि कुत्र्यापुरते भोक पडते. तिथे दगड बसवले, मोडलेल्या काठ्या बदलल्या, बेड्याच्या खालच्या दोन बांबूंमध्ये आणखी एक बांबू घातला. दर वर्षी पाऊस उलगडला की एकदा सगळी वई फिरून पाहावी लागते.

मग शिकवणी. जुन्या लुगड्याच्या चिंध्या काठ्यांना बांधून हद्दीच्या आत दोन-दोन हातांवर रोवल्या. मोत्याला दोरीने धरून सकाळ-संध्याकाळ हद्दीवरून फिरवू लागले. चिंधीजवळ आला की "मागे" म्हणायचे आणि आपण वळायचे. तो वळला की त्याच क्षणी शाबासकी आणि भाकरीचा तुकडा. त्याच क्षणी, हे महत्त्वाचे. थोड्या वेळाने दिलेला तुकडा कशाबद्दल, ते कुत्र्याला कळत नाही. मारही तसाच. बाहेरून उंडारून परत आल्यावर मारले, तर तो एवढेच शिकतो की घरी गेले की मार बसतो. मग तो घरी यायचेच टाळतो.

आठ दिवस झाले तरी काही जमेना. मग लक्षात आले की मी "मागे" म्हणते, मुलगा "ये" म्हणतो, आणि सासूबाई "हाड" म्हणतात. बिचाऱ्याने कोणाचे ऐकावे? घरात एकच शब्द ठरवला. सासूबाईंना तो सर्वांत उशिरा जमला, पण त्यांचा आवाज मोत्या सर्वांत जास्त मानतो! धडा दहा मिनिटांचाच ठेवला. पंधरा दिवसांनी दोरी हातातून सोडली, पण गळ्यात राहू दिली. मग पाखाडीतून कोंबडी गेली, मुले गेली, तरी थांबतो का, हे पाहिले. दीड महिन्याने चिंध्या एकेक करून काढल्या.

रात्री मोत्या बंद पडवीत निजतो. भुंकणे तिथूनही ऐकू येते, आणि राखणीला तेवढे पुरते. भाद्रपदात कुत्रे फार उंडारतात, म्हणून गुरांच्या डॉक्टरांकडून त्याची नसबंदी करून घेतली. त्याने राखण कमी होईल असे लोक म्हणाले. तसे काही झाले नाही.

एक गोष्ट मात्र शिकवणीने होत नाही, ती म्हणजे पिसाळण्याची लस. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की ती टोचावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. पाश्चर यांनी 1885 साली कुत्रा चावलेल्या मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. तरी अजून आपण जखमेवर हळद-चुना भरतो. तसे करू नका. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा. रोग उठल्यावर माणूस वाचत नाही.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच, असे म्हणतात. असू द्या वाकडे. आपल्याला शेपूट सरळ करायचे नाही, त्याच्या कानांना एक शब्द ऐकवायचा आहे.

मंडळापुढे माझी एकच सूचना आहे. दर वर्षी दिवाळीनंतर, कासवे यायच्या आधी, आपण सर्वजणींनी आपापली वई तपासावी, आणि गुरांच्या डॉक्टरांना विनंती करून एकाच दिवशी सगळ्या पाखाडीतल्या कुत्र्यांना लस टोचून घ्यावी. कुत्रा माझ्या दारातला असला, तरी तो बाहेर पडला की सगळ्या गावाचा होतो. शेजारीण आपल्याला तोंडावर बोलत नाही, म्हणून तिची कोंबडी मेली नाही असे होत नाही.

त्या दादांना मी दिलेला शब्द अजून पाळते आहे. गेल्या मोसमात त्यांनी पिल्ले सोडताना मला मुद्दाम बोलावले. पिल्ले लाटांकडे सरकत होती आणि मी मनात मोजत होते. शंभराला पोचण्याआधीच डोळे भरून आले, मोजणी चुकली. मोत्या त्या वेळी घरी, बेड्याच्या आत बसून होता.