भगंदराची शस्त्रक्रिया आणि शौचावरचा ताबा



ज्या दुखण्याचे नाव आपल्या घरांत आजही दबक्या आवाजात घेतात, त्यावर चार शब्द बोलणार आहे. गुदद्वाराच्या आतील ग्रंथीत पू होतो, तो वाट काढत बाहेरच्या त्वचेपर्यंत येतो आणि नळी तयार होते. हाच भगंदर. तो सहसा आपोआप बुजत नाही. मी होमिओपॅथीचा डॉक्टर असूनही स्पष्ट सांगतो, येथे गोळ्यांवर वेळ घालवू नये. हे काम शल्यचिकित्सकाचे.

मळ आणि वायू रोखणारी स्नायूंची दोन वलये तिथे असतात. आतले आपल्या नकळत आवळलेले राहते, बाहेरचे आपल्या इच्छेने आवळते. नळी थोड्याच स्नायूतून गेली असेल तर ती चिरून उघडी करतात आणि बहुतेक रोगी बरे होतात. मात्र ती बराचसा स्नायू भेदून गेली किंवा तिला फाटे फुटले, की सरसकट चिरण्यात धोका असतो. रोग जातो, पण ताबाही जाऊ शकतो. मग माणूस लग्नकार्य टाळतो, देवळात बसायला कचरतो आणि कारण कोणालाच सांगत नाही.

ही अडचण जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार सांगितले आहेत. क्षारसूत्राच्या उपचारात औषधी धागा नळीत ओवून ठराविक दिवसांनी बदलतात. तो सावकाश कापत जातो आणि मागून जखम भरत येते. १९७६ साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स आणि सहकाऱ्यांनी नळी स्नायूला कशी छेदते त्यावरून चार प्रकार मांडले. पुढे थायलंडच्या रोजनासकुल यांनी ‘लिफ्ट’ पद्धत आणली. तीत दोन वलयांमधल्या फटीत नळी बांधून तोडतात, स्नायू कापत नाहीत. अशा स्नायू वाचवणाऱ्या पद्धतींत रोग उलटण्याची शक्यता मात्र अधिक राहते. म्हणून निवड रोग्याने समजून करायची असते.

शस्त्रक्रियेआधी विचारा: एमआरआय करायचा का? किती स्नायू कापला जाईल? नंतर ताब्यावर काय परिणाम होईल? आधीची शस्त्रक्रिया किंवा वायू न थांबण्याची तक्रार लपवू नका. बायकांमध्ये पुढच्या बाजूचा स्नायू आखूड असतो आणि बाळंतपणात तो फाटलेला असू शकतो. त्यांनी हे आवर्जून सांगावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुनेला, लेकीला हे बोलायला मोकळीक द्यावी, एवढीच विनंती.