कोलकात्याच्या पूर्वेचे पाणी



कोलकाता हुगळीच्या काठी वसले आहे. त्याचे सांडपाणी मात्र बहुतांशी हुगळीकडे पाठ फिरवून पूर्वेला वाहते. जमिनीचा उतारच तसा आहे. त्या दिशेला पूर्वी खारी सरोवरे आणि विद्याधरी नदी होती. गाळ साचून विद्याधरी मृतप्राय झाली, भरतीचे पाणी येईनासे झाले, आणि १९३०च्या सुमारास तेथील मत्स्यव्यावसायिकांनी शहराचे सांडपाणीच तळ्यांत घेण्यास आरंभ केला. बंगालीत या तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात.

भेरी उथळ असते, जेमतेम कमरेएवढी किंवा छातीएवढी. म्हणून ऊन तळाजवळ पोहोचते. जिवाणू घाणीचे विघटन करतात, त्यातून सुटलेल्या द्रव्यांवर सूक्ष्म शैवाल वाढते, शैवाल दिवसभर पाण्यात प्राणवायू सोडते, आणि रोहू-कटला ते शैवाल खातात. पाणी किती घ्यावे व केव्हा थांबवावे हे मच्छीमार पाण्याच्या रंगावरून आणि वासावरून ठरवतो. काठालगत जलपर्णीचा पट्टा मुद्दाम राखला जातो. इतरत्र शाप ठरलेली ही वनस्पती येथे लाटांपासून बांध वाचवते. शहराला विजेवर चालणारे महागडे शुद्धीकरण केंद्र ज्या कामासाठी लागले असते, ते काम येथे ऊन आणि मासे करतात.

ही व्यवस्था जगासमोर आणली ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने. १९८०च्या दशकात त्यांनी सांडपाण्याचा माग काढत हा प्रदेश पायी पालथा घातला, त्याचा नकाशा केला. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने येथील जमिनीचा वापर बदलण्यास मनाई केली. २००२ साली सुमारे १२,५०० हेक्टर क्षेत्र रामसर यादीत आले, आणि २००६ साली राज्याने स्वतंत्र कायदा केला. घोष २०१८ साली निवर्तले.

पुराचा विचार केला तर या प्रदेशाचे मोल आणखी स्पष्ट होते. पावसाळ्यात शहराचे पाणी सामावून घेणारी ही जागा आहे. तिचाच उत्तरेकडील मोठा भाग १९६०च्या दशकात हुगळीतील गाळाने भरून सॉल्ट लेक वसाहत उभी राहिली. भराव पडला की पाणी नाहीसे होत नाही, दुसऱ्याच्या दारात जाते.

वन्यजीवांचा हिशेब इतका सरळ नाही. दलदली मुंगुसाचे वर्णन १९६५ साली याच परिसरातून प्रथम झाले. शास्त्रज्ञ त्याला स्वतंत्र जाती मानोत वा उपजाती, त्याला काठावरचे गवत व लव्हाळे हवेतच. बगळे आणि पाणकावळे येथे आजही येतात. पण माशांसाठी नीट राखलेले तळे प्रत्येक पक्ष्याला मानवत नाही. काही काठ अस्ताव्यस्त, झुडपी राहू देणे हेही संवर्धनच होय, आणि त्याची किंमत एकट्या मच्छीमाराने का सोसावी?

कुंपण घालून ही पाणथळ वाचणार नाही. ती वाचली आहे, कारण हजारो कुटुंबांचा चरितार्थ तिच्यावर चालतो. कालव्यांत गाळ साचला की टोकाच्या भेरीला पुरेसे सांडपाणी मिळत नाही. पाणी नाही म्हणून मासा नाही, मासा नाही म्हणून मजुरी नाही. मग भेरी कोरडी पडते, आणि बांधकामासाठी जमीन शोधणाऱ्याला ती रिकामी वाटू लागते. म्हणून पुनरुज्जीवनाचे पहिले काम कालव्यातील गाळ उपसण्याचे आहे, आणि ते दरवर्षी पावसाळ्यापूर्वी करावे लागते.