प्रकाशकिरण आणि रक्तातील साखर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात बीड येथे केलेले भाषण)



बोटास सुई न टोचता रक्तातील साखर कळेल काय, असा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. त्याचे उत्तर आज यथामती देण्याचे योजिले आहे.

२०२०-२१ च्या साथीत बोटास लावावयाचा चिमटा आपण सर्वांनी पाहिला. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली त्यामागील तत्त्व मांडले. प्राणवायूयुक्त आणि प्राणवायूरहित रक्त तांबडा व अवरक्त प्रकाश निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेते. त्यावरून प्राणवायूचे मान काढता येते. तसेच लेसरच्या उजेडात त्वचेवर दिसणारे चंचल ठिपके टिपून रक्ताचा प्रवाह कोठे जलद व कोठे मंद, हे पाहण्याची रीतही १९८१ पासून विकसित होत आली आहे.

मग साखरेपाशीच घोडे का अडावे? एक लिटर रक्तात तांबडे हिमोग्लोबिन सुमारे १४० ग्रॅम असते. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर मात्र अवघी १ ग्रॅमच्या आसपास, आणि तीही रंगहीन! पाणी, चरबी, घाम, त्वचेचा वर्ण यांच्या गलबल्यात तिचा क्षीण स्वर ओळखावयाचा. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामात प्रत्येक रेणूची खूण विखुरलेल्या प्रकाशात उमटते. त्याच्या आधारे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत साखर ओळखण्याचे प्रयत्न झाले. ते स्तुत्य आहेत; तथापि प्रयोगशाळेतील यश म्हणजे घरातील भरवसा नव्हे. त्वचा न टोचता साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळास वा अंगठीस आपली मान्यता नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला.

हे सांगण्यास आम्हांस घरचेच कारण आहे. आमच्या काकांनी असेच एक घड्याळ घेतले आणि बोट टोचणे सोडले. घड्याळ रोज समाधानकारक आकडा दाखवी. पुढे चपलेने झालेली पायाची जखम महिनाभर भरेना, तेव्हा रक्त तपासले. साखर तिपटीवर गेली होती. हाताच्या बोटाची टोच चुकवावयास गेलेले काका पायाची दोन बोटे गमावून बसले.

बंधुभगिनींनो, विज्ञानाचा दोष येथे नाही. दोष आहे तो उतावळेपणाचा. शास्त्रज्ञांचे कार्य तडीस जाईल तेव्हा आपण त्याचे अवश्य स्वागत करू. तोवर थेंबभर रक्ताची तपासणी चुकवू नये आणि रोज रात्री पायांचे तळवे पाहावेत. दसऱ्यानंतर ऊसतोडीस परमुलखी जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी रक्त तपासून घ्यावे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे. पुढील संमेलनात मंडळाने भोजनापूर्वी रक्ततपासणीची पंगत मांडावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.